एकवीस घरांत मोकळी तारीख

मरायला मोकळी तारीख कोणती, असं आबाजीने भावकीला विचारलं, तेव्हा ओटीवर बसलेल्या सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. माणूस असावा तर असा, म्हणाले. जातानासुद्धा दुसऱ्याची गैरसोय नको. कौतुक करणाऱ्यांत मीही होतो. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून माझ्याच मांडीवर दिलं होतं, कारण खोपोलीच्या कागद कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं टाईमकीपर होतो आणि तारखांचं काम निघालं की गाव माझ्याकडे बघतं.

आबाजी माझा चुलतभाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा, म्हणजे एक्क्याऐंशीचा. अडीच वर्षं त्याचं डायलिसिस चाललं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेसहाला गाडीवाल्या देवेशची इको दारात, साडेसातला शिळफाट्याच्या सेंटरवर, चार तास मशीनवर, दुपारी घरी. घरी येऊन पडायचा तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठायचा. चार घास खायचा, ओटीवर बसायचा, की परत इको. पाणी कपाने मोजून. शहाळं बंद, केळं बंद, डाळ नावाला. उभ्या जन्मात ज्याने पेजेशिवाय सकाळ केली नाही, त्याला पेज बंद.

त्याने स्वतःच एकदा मला मांडून दाखवलं होतं.

"आठवड्याचं दिस सात. तीन मशिनीचं, तीन मशिनीतून उठायचं. ऱ्हायला आयतवार. त्यातबी रातच्याला छातीत पानी भरतं, म्हंजे आर्धाच धर. आर्ध्या दिसासाठी साडेसा दिस राबायचं, पोशा. असा तोट्याचा गडी मी शेतावर कंदी ठेवला नस्ता."

डॉक्टरीणबाईंना त्याने एकट्यानेच विचारून घेतलं. मुलगा संतोष औषधं आणायला गेला होता तेवढ्यात. थांबवलं तर किती दिवस? बाई तरुण होत्या, पण खरं बोलल्या. आठ दिवस, कोणाला दहा-बारा. श्वासाला त्रास होईल, तो कमी करायला औषध देता येईल. आबाजी घरी आला आणि त्याने बायकोला, सोनाबाईवहिनीला सांगितलं. वहिनी दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "समीचं लगीन बघून जावा." नात समीक्षाचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. आबाजी म्हणाला, ते तर बघणारच. संतोष रडला, मग तोही लग्नापर्यंत म्हणून गप्प झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्न मिटला होता. लग्न झालं, पाहुणे गेले, आबाजीने इकोत बसायचं सोडलं, कोणी विचारलंही नसतं. पण आबाजी आमच्या भावकीचा सुतकाचा न्यायाधीश होता.

भावकीत एकवीस घरं. एका घरात माणूस गेलं की एकवीस घरांना दहा दिवस सुतक. देवाला दिवा नाही, शुभकार्य नाही, तळण नाही, मटण नाही, शेताला हात लावायचा नाही. कोणाला दहा दिवस धरायचे, कोणाला तीन, दुबईत असणाऱ्याने मेल्यापासून मोजायचं की निरोप पोचल्यापासून, हे चाळीस वर्षं आबाजीच सांगत आला. भावकीतल्याच जगदीशच्या बहिणीचं लग्न त्याने एकदा हळदीच्या आदल्या संध्याकाळी थांबवलं होतं. मांडव उभा, मंडळी आलेली, आणि वरच्या आळीत एक म्हातारी गेली. देवक बसलं असतं तर सुतक लागलं नसतं. सकाळी बसणार होतं. जगदीशच्या बापाने पाय धरले. आबाजी म्हणाला, नियम माझ्या घरचा नाय. लग्न पुढे दीड महिन्याने लागलं. जगदीशने ते अजून मनातून सोडलेलं नाही.

असा माणूस न सांगता जाणार कसा? त्याने हिशेब घातला. मशीन सोडल्यापासून जास्तीत जास्त बारा दिवस, त्यापुढे तेराव्यापर्यंत तेरा. पंचवीस दिवस सलग, ज्यात एकवीस घरांत कुठे काही नाही.

"तेवढं मला काडून द्या," तो म्हणाला. "मी बसतो त्यात."

जानेवारीची वीस तारीख होती, आठवतं, कारण सोमवार होता आणि तो मशीनवरून उठून तसाच भिंतीला टेकून बसला होता. मी पेन्सिल घेतली. फेब्रुवारी समीक्षाचा. मार्चमध्ये जगदीशच्या मुलाचं लग्न, मग कोणाच्या नातवाचं जावळ, कोणाच्या मुलीची सुपारी. एप्रिलात गावदेवाची पालखी. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी वास्तुशांत. माझ्या मुलाने, ऋषिकेशने, नेरळला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. मेमध्ये चार लग्नं. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. आवणी झाल्यावर घ्या की, असं एकजण म्हणाला, तर मागून एक पोरगा हळूच म्हणाला की त्यात गटारी येते. सुतकात गटारी म्हणजे कोरडी. सगळे खाली बघायला लागले, तेव्हा पहिला हसला तो आबाजी. मग आम्हीही हसलो.

शेवटी जूनची नऊ तारीख निघाली. लग्नं संपलेली, आवणी लागायची. तिच्याभोवती मी पेन्सिलने गोल केला. गोलात काय लिहावं सुचेना, म्हणून नुसतं 'आ' लिहिलं. आबाजी बोटांवर मोजत होता.

"साठ खेपा," म्हणाला. आणि मग, "बरं."

विचारायला बसलेला माणूस साठ खेपा पदरात घेऊन आत गेला आणि आम्ही दुसऱ्यांदा चहा घेतला.

समीक्षाच्या लग्नात तो खुर्चीत बसून होता. फेटा बांधलेला, फोटोत छान आलाय. आल्या-गेल्याने पाया पडून घेतलं. निम्म्या लोकांना ठाऊक होतं की तारीख ठरलीय, त्यामुळे जरा जास्तच वाकून पडले. मार्चमध्ये त्याच्या हातातली नस बंद पडली, ज्या नसेतून मशीन लावायचे ती. मग गळ्यात नळी घातली. नळीमुळे ताप यायला लागला. मशीनवर असतानाच हुडहुडी भरायची, अंगावर तीन-तीन पांघरुणं घालून देवेश धरून बसायचा. देवेश मला म्हणाला, काका, जाताना गाडीत बोलतात, येताना ओळखत नाय. एप्रिलपर्यंत आबाजी एवढासा झाला होता. वहिनी त्याला कुशीवर वळवायच्या तर एका हाताने वळायचा. खाज सुटायची, सगळं अंग ओरबाडून काढायचा, म्हणून त्यांनी त्याच्या हातांना जुनी फडकी गुंडाळून ठेवली होती.

पालखी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं. आत कोणी नव्हतं, वहिनी चुलीशी. फडक्यातला हात त्याने माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मी मोजलंय," म्हणाला. "आजपासून मेच्या आठापर्यंत कोनाकडं काय नाय. फकस्त तुझी अखिती मदी येते."

मी त्याच्या हातावरचं सैल झालेलं फडकं नीट करायला लागलो.

"तुझी पुढं घे, पोशा. पंदरा दिस. जूनपतुर माझ्याच्यानं व्हत नाय."

"दादा, मेमदी चार लग्नं हायत..."

"लग्नाच्या मदल्या दिशी कर. वास्तुशांतीला काय, बामन दोन तासांत मोकळा करतो." मग थोडा दम खाऊन, "मी कोनाला असं सांगितलं नाय कंदी. पुढं ढकला म्हनलंय, पन आपल्यासाठी नाय."

ऋषिकेशला विचारतो, असं म्हणून मी उठलो.

मी विचारलं नाही. फोन हातात घेतला, ठेवला. ऋषिकेशच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या हे खरं, आचारी ठरला होता हेही खरं. पण त्याहून खरं म्हणजे, त्रेसष्ट वर्षं मी दुसऱ्यांच्या मांडवात पंगती वाढल्या, आहेर लिहिले, आणि माझ्या दारात एकवीस घरं येण्याचा दिवस पहिल्यांदाच आला होता. लिफ्टने वर जाताना जगदीशचं तोंड कसं होईल, ते मी बऱ्याच वेळा मनात बघून ठेवलं होतं. अखितीचा मुहूर्त सोडून अधल्यामधल्या दिवशी उरकून घेतलं, असं त्याला म्हणायला द्यायचं नव्हतं.

दोन दिवसांनी जाऊन सांगितलं, "पोरगा ऐकत नाय, दादा."

आबाजीने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. चाळीस वर्षं जो माणूस लोकांच्या सबबी ऐकत आला, त्याला खरी कोणती आणि घरी बनवलेली कोणती हे कळायला किती वेळ लागणार?

"बरं," म्हणाला.

अखिती बुधवारी आली. मशीनवरून उठून तो तसाच देवेशच्या गाडीतून नेरळला आला, गळ्यातली नळी दिसू नये म्हणून वर पंचा गुंडाळलेला. पाव तास बसला. खाल्लं काही नाही, तीर्थ ओठाला लावलं. ऋषिकेशच्या डोक्यावर हात ठेवला. खिडकीतून समोर माथेरानचा डोंगर दिसतो, तिकडे बघून म्हणाला, हवा चांगली हाय. जगदीश तिथेच उभा होता, पण त्याचं तोंड कसं झालं ते बघायचं मी विसरलो.

जूनच्या चार तारखेला, मशीनवर असताना, आबाजीचा रक्तदाब एकदम खाली गेला. झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठवड्याच्या आत घरी आणला तो नाकात नळी घालून. डोळे उघडे असायचे. आपण डावीकडे सरकलो तर कधी डावीकडे यायचे, कधी नाही. ओळखतो का, हे वहिनींनाही सांगता येईना.

नऊ तारखेला सकाळी मी साडेसहाच्या आधीच तिथे गेलो होतो. इको आली. संतोषने आणि देवेशने त्याला खुर्चीसकट उचलला. मी संतोषकडे बघितलं. संतोष गाडीच्या टायरकडे बघत होता. जगदीश गोठ्याकडे चालला होता, तो थांबला, आणि मग चालायला लागला. दार सरकवलं, गाडी गेली.

त्या आठवड्यात मी आडून आडून सगळ्यांची मतं घेतली. जानेवारीत ज्यांनी वाहवा केली, ते आता कानाला हात लावत होते. जगदीश म्हणाला, शुद्धीत व्हता तवाची गोष्ट येगळी. कोणी म्हणालं, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. जूनमध्ये देव मोकळा होता, आम्ही सगळे मोकळे होतो. संतोषला मी सरळच विचारलं. तो कारखान्यातून आला होता, अंगावरचा गणवेशही उतरवला नव्हता.

"त्यानं आज तोंडानं सांगितलं तर आज थांबवीन, काका," तो म्हणाला. "आता मी थांबवला, तर मी मारला. तुमी एकवीस घरं काय, दहा दिसांनी आंघोळ करून मोकळं."

त्याचंही चूक नव्हतं. आणखी दहा खेपा झाल्या. दर खेपेला तेच. उचलायचा, न्यायचा, नळ्या जोडायच्या, आणायचा. पाठीला जखमा झाल्या. वहिनी त्या धुवायच्या तेव्हा त्याच्या तोंडातून आवाज यायचा, तेवढाच त्याचा आवाज उरला होता.

एक जुलैला सोनाबाईवहिनी माझ्या घरी आल्या. त्या कोणाच्या घरी जात नाहीत, दोन आळ्या ओलांडून एकट्या चालत आल्या. पायरीवरच बसल्या. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते बाजूला ठेवलं.

"त्यांनी काय सांगितलं ते तू तुझ्या कानांनी आयकलंस नं?"

"एकवीस घरांनी ऐकलं, वयनी."

"एकवीस घरांना मी इचारीत नाय. क्यालेंडर तुझ्या मांडीवर व्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "उद्या गाडीत बस. डॉक्टरीनबायसमोर बोल, संतोषच्या देखत. त्याच्यानं ते व्हनार नाय. मी बोलले तर म्हनतील म्हातारी कटाळली."

मी म्हणालो, असं कोणी म्हणणार नाही.

"म्हनतील. आनि कटाळले बी हाय. पन ते माझं निराळं, त्याचा इकडं हिशेब नको."

दुसऱ्या दिवशी मी इकोत बसलो. आबाजी मागे आडवा, त्याचं डोकं वहिनींच्या मांडीवर. सेंटरवर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका लहान खोलीत घेतलं. मी सांगितलं की जानेवारीत, पूर्ण शुद्धीत, सगळ्यांसमोर त्याने बंद करायचं ठरवलं होतं आणि जूनची तारीख धरली होती. बाई म्हणाल्या, मलाही विचारलं होतं त्यांनी, पण नंतर काही बोलले नाहीत, मला वाटलं विचार बदलला असेल. नंतर पुन्हा कधी म्हणाले का?

"एप्रिलात म्हणाला," मी म्हणालो. "जूनपर्यंत होत नाही, आत्ताच थांबवा म्हणाला."

संतोष माझ्याकडे वळला. "मला का नाय सांगितलंस?"

"माझी वास्तुशांत होती."

बाईंना काही कळेना. त्या एकदा माझ्याकडे, एकदा संतोषकडे बघत होत्या. मी त्यांना सुतक समजावून सांगितलं. पंचवीस दिवस, एकवीस घरं, सगळं. कारखान्यात हजेरी सांगावी तसं सांगितलं. आणि ऋषिकेशला मी विचारलंच नव्हतं, हेही. संतोषने टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. वहिनी म्हणाल्या, "त्यांना ठावं व्हतं. त्याच दिशी मला म्हनले, पोशा पोराच्या आड लपला." एवढंच. आणि मग बाईंना म्हणाल्या की यांना घरी नेऊ दे.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. वहिनींना दोनदा विचारलं, संतोषला तीनदा. संतोषने सही केली. वहिनींनी अंगठा दिला. साडेनऊला आम्ही परत निघालो, अडीच वर्षांत इतक्या लवकर कधी सुटलो नव्हतो. गावात शिरताना देवेशने विचारलं, शुक्रवारी यायचं का? संतोष म्हणाला, नको.

त्या दुपारी मी ऋषिकेशला फोन केला. तो ऑफिसात होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला विचारायचं ना, बाबा. पंधरा दिवसांनी केली असती. काय फरक पडत होता?"

आबाजीला नऊ दिवस लागले. शांतपणे गेला असं लोकांना सांगतात, तसं नव्हतं ते. तिसऱ्या दिवसापासून पाय सुजले, मग तोंड. छाती अशी वाजायची की ओटीवर ऐकू यायचं. सेंटरमधून नर्स येऊन इंजेक्शन द्यायची, मग चार-सहा तास बरे जायचे. वहिनी उशाशी बसून असत. संतोषने रजा टाकली होती. तो आत-बाहेर करायचा, माझ्याशी बोलत नव्हता. सात तारखेला गावात आवणी लागली. येता-जाता माणसं पायरीपर्यंत येऊन विचारून जायची. तारखेचं कोणी काही बोललं नाही. मनात मोजत सगळेच असतील. मी मोजत होतो.

अकरा तारखेला, शुक्रवारी, दुपारी बाराला दहा कमी असताना तो गेला. घरात आम्ही तिघंच. वहिनींनी त्याच्या हातांची फडकी सोडली. संतोष भिंतीला टेकून खाली बसला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, सांगायला जा."

सगळी भावकी शेतात होती. मी बांधाबांधाने निघालो. आवणीचं काम थांबत नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. रोप उपटलं की लावायलाच लागतं, चिखल केला तो बसतो, माणसं आज मिळाली तर उद्या मिळत नाहीत. पहिलं शेत जगदीशचं. अर्धं लावून झालं होतं, उरलेल्यात रोपाच्या मुठी पाण्यात टाकलेल्या, पॉवर टिलर चालू. मी बांधावरून म्हणालो, दादा गेला. जगदीशने टिलर बंद केला. पुढच्या शेतात गेलो, तिथे बायका ओळीने वाकलेल्या. मी काही बोलायच्या आत त्या सरळ उभ्या राहिल्या. पुढे, पुढे. किती वाजता, काय, कोणी विचारलं नाही. कोणी असंही म्हणालं नाही की एवढी ओळ पुरी करतो.

मी निघालो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. परत आलो तेव्हा एकला वीस कमी. तेवढ्यात एकवीसही घरची माणसं अंगणात येऊन उभी होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल, काहींच्या हातात अजून रोप. बांबू आणायला दोघं गेलेसुद्धा.

जगदीशचा मुलगा बापाच्या कानाशी लागला की रोप सगळं उपटून ठेवलंय, दहा दिवसांत कुजंल.

"कुजू दे," जगदीश म्हणाला, आणि नळाखाली पाय धुवायला गेला.